युनूसभाई आणि बाल्साची नाकं

युनूसभाई लाकूड ओठानं तपासायचे. खरादीवरून उतरलेली वस्तू, मग ते लाटणं असो की पाळण्याचा खांब, वरच्या ओठावरून हळूच फिरवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस लाकडाचा वास घेतोय. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "बोटं मेली मॅडम. इतकी वर्षं पटाशी धरून धरून काही समजतच नाई त्याईले. ओठ जिते हायेत अजून."

बुलढाण्यात जुन्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. एक खोली, तिच्यात लाकूड कातायची, मोटरवर फिरणारी खराद, भिंतीला ओळीनं टांगलेल्या पटाश्या आणि घोट्यापर्यंत भुसा. मागच्या दाराआड घर. पोळपाट, लाटणी, पलंगाचे पाय, भोवरे असं ते कातत असत. मी त्यांच्याकडे गेले ती मात्र रॉकेटसाठी.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. आमच्या विज्ञान मंडळातल्या मुलामुलींना तेव्हा छोट्या रॉकेटचं वेड लागलं होतं. जाड कागदाची नळी, खाली शेपटीला तीन पंख, तळाशी बोटाएवढी तयार मोटर आणि वर टोकदार नाक. मोटर पेटली की रॉकेट दोन-तीनशे फूट वर जातं. वर पोचल्यावर त्याच मोटरीतून नळीच्या आत एक छोटासा स्फोट होतो, त्या दाबानं नाक उडून बाहेर येतं, त्याच्यामागे घडी घातलेलं पॅराशूट उघडतं आणि सगळं अलगद खाली उतरतं. म्हणजे नाक उडतानाच गळून पडता कामा नये, आणि वर गेल्यावर निघालं नाही तरीही चालत नाही. विकत आणलेली प्लास्टिकची नाकं दर खेपेला तडकायची, म्हणून मी बाल्सा लाकडाचे ठोकळे मागवले होते.

युनूसभाईंनी ठोकळा तळहातावर ठेवून हात वरखाली केला. मग नख दाबलं. नख आत गेलं.

"हे लाकूड हाय का पाव?"

"लाकूडच आहे. बाहेर देशातलं झाड असतं."

"यावर पटाशी लावली तं फाटन हे," असं म्हणून त्यांनी ठोकळा परत माझ्या पिशवीत ठेवला. "नाई जमत मले."

तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या फोनवर त्यांचा निरोप आला की, मॅडमले म्हणा त्या पावाचे पाच-सहा तुकडे पाठवा.

पहिली चार नाकं फाटली. पाचव्या खेपेला त्यांनी पटाशी बाजूला ठेवली, खराद अगदी हळू केली आणि नुसत्या कानशीनं आणि पॉलिशपेपरनं आकार उतरवला. ते नाक त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. कमळाच्या कळीसारखं, मागे नळीत जायला दोन बोटं जाडीचा खुंट. हातात काही आहे असं वाटेचना, इतकं हलकं. पण काम अर्धंच झालं होतं. बाल्साला भोकं फार, रंग सगळा पिऊन टाकतं. मग त्यांनी भोकं बुजवणाऱ्या सीलरमध्ये टाल्कम पावडर कालवून लापशीसारखं केलं, ते ब्रशनं लावायचं, वाळवायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. असे पाच हात. पाचव्या हाताला ते नाक चिनी मातीच्या बशीसारखं गुळगुळीत झालं. पावडर त्यांच्या बायकोच्या, शमीमभाभींच्या डब्यातली होती. त्या आतून म्हणाल्या, "अब मेरा पावडर बी रॉकेटकोच लगता." युनूसभाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मागच्या खुंटाला ते मान म्हणत. मानेला त्यांनी कधी रंग लागू दिला नाही. रंग नाकाला, मान कोरी. एकदा एका मुलीनं हौसेनं मानेलाही निळा रंग दिला, तर त्यांनी तो सगळा खरवडून काढला आणि तिला खराद थांबवून समजावलं. रंगाचा पातळसा थर चढला तरी मान नळीत अडकते. ढिली झाली तर कागदी टेपचा एक वेढा द्यायचा. घट्ट झाली तर पॉलिशपेपरचा एक हात. मग नळी उलटी धरायची. नाक आपोआप पडायला नको, पण हलकासा झटका दिला की यायला हवं. "पाव्हणा बसते तसं बसलं पाह्यजे," ते सांगायचे. "धरून ठेवल्याबगर बसला पाह्यजे, अन निंगतो म्हणला की निंगला पाह्यजे."

एक शब्द त्यांना खपत नसे. तो म्हणजे 'चालते'. सोनाळ्याचा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा पोळपाट न्यायला आला होता. मी दुकानातच होते. युनूसभाईंनी पोळपाट फरशीवर ठेवला, बोट लावलं, तर तो किंचित डुलला. तो माणूस म्हणाला, "चालते चाचा, मायी बस निंगून राह्यली." युनूसभाईंनी पोळपाट त्याच्या हातातून परत घेतला. "चालाचं काम घोड्याचं हाय. पोळपाट बसला पाह्यजे." बस गेली. पोळपाट झाल्यावर त्यांनी त्या माणसाला घरात नेऊन जेवू घातलं आणि पुढच्या बसला स्वतः बसवून आले. त्यानंतर त्यांच्यासमोर 'चालेल' म्हणताना मी जीभ आवरत असे.

मुलं त्यांना उड्डाणाला बोलवायची. गावाबाहेर, डोंगराच्या कडेचा एक उघडा माळ आम्ही त्यासाठी ठरवला होता. ते यायचे, पण वर कधी पाहायचे नाहीत. रॉकेट सुटलं की सगळ्यांच्या माना वर आणि युनूसभाई आपल्या चपलांकडे पाहत उभे. ते कान लावून असायचे. वरून तो बारीकसा फट आवाज आला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या की मगच ते मान उचलत, हवेत डुलत येणाऱ्या पॅराशूटकडे पाहत आणि स्वतःशीच म्हणत, "निंगालं." दोन वर्षांत अशी तीसेक उड्डाणं झाली असतील. दर वेळी निघालं.

ज्या दिवशी निघालं नाही, त्या दिवसाबद्दल मला सरळच लिहायला हवं.

जानेवारीत आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन होतं. उद्घाटनाला एक मोठे अधिकारी येणार होते आणि प्राचार्यांच्या मनात होतं की कार्यक्रमाची सुरुवात रॉकेटनं व्हावी. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. सकाळी बुलढाण्यावर धुकं इतकं की समोरची इमारत दिसेना. दहाच्या सुमारास ते उठलं, पण हवा ओलीच होती. मंडप माळावरच घातला होता. शंभर-दीडशे माणसं, दोरी बांधून मागे उभी केलेली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या लीलाबाई चहाची किटली घेऊन मंडपाच्या टोकाला उभ्या होत्या, दोरीच्याही बऱ्याच मागे.

युनूसभाईंनी नळी उलटी धरून झटका दिला. नाक आलं नाही. दुसरा झटका दिला, तेव्हा थोडं सरकलं. त्यांनी ते बाहेर ओढलं, मानेवरून ओठ फिरवला आणि माझ्याकडे आले.

"मॅडम, ओल पेली यानं. फुगलं हाय. धा मिनिटं द्या, उतरवून देतो."

अधिकाऱ्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. ते दोनदा घड्याळ पाहून चुकले होते. प्राचार्य लांबून मला हातानं खूण करत होते. युनूसभाईंचा पॉलिशपेपर तिकडे गाडीतल्या पिशवीत होता.

मी म्हणाले, "चालेल हो युनूसभाई. बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाक नळीत बसवलं, अंगठ्यानं दाबलं आणि बाजूला झाले.

रॉकेट छान गेलं. इतकं सरळ की अधिकाऱ्यांनी वा म्हटलं. मग वर फट आवाज झाला. मी वर पाहत होते. नाक जागचं हललं नाही. दाबाला वाट मिळाली ती खालून, रिकामी मोटरच शेपटीतून बाहेर फेकली गेली. रॉकेट क्षणभर आडवं झालं, मग टोक खाली करून यायला लागलं. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. नंतर एकाच्या मोबाइलमधला व्हिडिओ पाहिला, त्यात माझा आवाज नाही. युनूसभाईंचा आहे. टाळ्या वाजल्या नाहीत म्हणून त्यांनी वर पाहिलं आणि "हटा, हटा" म्हणत ते मंडपाच्या दिशेनं धावले.

रॉकेट लीलाबाईंच्या डाव्या खांद्यावर आलं, मानेच्या बुडाशी. लीलाबाई खाली बसल्या. किटली सांडली, चहा त्यांच्या लुगड्यावरून वाहत राहिला आणि त्या म्हणत होत्या, "काही नाही झालं, काही नाही झालं." डावा हात लोंबत होता. युनूसभाईंनी खांद्यावरच्या रुमालाची झोळी करून तो हात तिच्यात बांधला आणि दवाखान्यात जाणाऱ्या गाडीत त्यांच्या शेजारी बसले.

गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लेट घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण शिरेला मार बसलाय, हात कितपत उचलेल ते आत्ता सांगता येत नाही.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर झाला. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते इथे सांगत नाही. काहींना रॉकेटपेक्षा ते बनवणाऱ्याच्या नावाचं जास्त पडलं होतं. त्या आठवड्यात युनूसभाईंच्या दुकानासमोर दोन-तीनदा पोरं गाडी थांबवून काहीबाही बोलून गेली. त्यांनी दुकान बंद ठेवलं नाही.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. तिघांची समिती होती. त्यांच्या मनात काय आहे ते आधीच कळलं होतं. वारा अचानक फिरला, मोटर सदोष निघाली, असं काहीतरी लिहून प्रकरण संपवायचं. मलाही त्यांनी तसंच सुचवलं होतं आणि मी होकार दिला नव्हता तसा नकारही दिला नव्हता. युनूसभाईंना औपचारिकता म्हणून बोलावलं होतं.

"वारा होता ना त्या वेळी?" समितीतल्या एकांनी विचारलं.

"हवा नव्हती साहेब."

"मोटर खालून निसटली म्हणे."

"नाक निंगालं नाई म्हणून मोटर निसटली. नाक घट्ट होतं. मीच बसवलं."

प्राचार्य म्हणाले, "युनूसभाई, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ना ते."

"माहीत होतं."

मी समोरच्या खुर्चीवर होते. पुढचं वाक्य ते कोणतं बोलतील याची मी वाट पाहत होते. मॅडमनी घाई केली, एवढे तीन शब्द पुरले असते. ते बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. कारकुनानं जबाब लिहून पुढे ठेवला. युनूसभाईंनी चश्मा लावून तो सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'बहुधा' काऊन लिवलं? बहुधा काढा. घट्ट होतं."

कारकुनानं प्राचार्यांकडे पाहिलं, मग तो शब्द खोडला. युनूसभाईंनी खाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. मी म्हणाले, "माझं नाव का नाही सांगितलंत? दहा मिनिटं तुम्ही मागितली होती."

त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. दोन वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"तुम्ही तोंडानं म्हणलं, मॅडम. बसवलं माह्या हातानं. मी हात मांगं घेऊ शकत होतो, नाई घेतला. तो मोठा साहेब उभा होता, मलेही वाटलं आज आपलं रॉकेट पाह्यन तो." मग ते म्हणाले, "लोकाच्या पोळपाटाले मी बस सोडाले लावली. अन इथं धा मिनिटं नाई थांबलो."

मग ते पायऱ्या उतरून गेले.

लीलाबाई दवाखान्यातून माहेरी, उंद्रीला, भावाकडे गेल्या. युनूसभाई दर रविवारी तिथे जायला लागले. चिखलीला बस बदलायची, दुपारी पोचायचं, अंगणात तासभर बसायचं, परत यायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. लीलाबाई त्यांच्यादेखतच मला म्हणाल्या, "म्या काही बोलावलं नाही मॅडम याईले. भाऊ चिडते माहा. येतेत, बसतेत, पाणीबी मागत नाहीत." युनूसभाई खाली मान घालून ऐकत होते. लीलाबाईंचा राग खरा होता आणि तो लपवायचं त्यांना कारण नव्हतं. डावा हात कोपराच्या उंचीपर्यंत वर येत होता, त्यापुढे नाही. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "बाकी होते कसंबसं. येणी घालता येत नाही. भावजय घालून देते, पण तिले तिचं काम असते. रोज रोज कोणाले म्हणाव."

दोन रविवारांनी युनूसभाईंनी त्यांना एक फणी नेऊन दिली. फणीला हातभर लांब दांडा, वर किंचित कलता बसवलेला, म्हणजे उजव्या हातानं केस धरले की डावा हात न उचलता फणी डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत पोचावी. लीलाबाईंनी ती हातात घेतली, केसांतून फिरवून पाहिली. मग विचारलं, "इतकं हलकं कोणतं लाकूड हाय हे?"

युनूसभाईंनी खरं ते सांगितलं. दुकानात उरलेले बाल्साचे ठोकळे जोडून दांडा केला होता, वरून सीलरचे हात दिले होते. दुखऱ्या हाताला वजन नको, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

लीलाबाईंनी फणी ओट्यावर ठेवली. "हे लाकूड मले नको."

हे मला युनूसभाईंनीच सांगितलं. "माह्या ध्यानातच नाई आलं मॅडम. जे अंगावर पडलं तेच मी बाईच्या डोक्यात घालाले घेऊन गेलो." पुढचे कितीतरी दिवस ते हलक्या लाकडाचा पांगारा शोधत होते. शेवटी एका शेताच्या बांधावरचा पडलेला पांगारा मिळाला. त्याचा दांडा लीलाबाईंनी घेतला. त्या फणीनं त्यांचे केस विंचरून होऊ लागले. अंबाडा मात्र एका हातानं बांधता येत नाही, तो भावजयच बांधायची.

चार महिन्यांनी त्या वसतिगृहात कामावर परतल्या. हात कानाच्या पाळीपर्यंत जातो आता, त्यावर जात नाही. मोठी भांडी दुसऱ्या बाई उचलतात. युनूसभाईंशी त्या बोलतात, पण त्यांना माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि त्यांनीही कधी तसं मागितलं नाही.

मी त्या सगळ्या काळात गप्प होते. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला मी प्राचार्यांना पत्र लिहून दिलं की, दुरुस्तीसाठी वेळ मागितलेला असताना तो मी नाकारला. त्यांनी ते वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हणाले, "मिटलेलं उकरू नका मॅडम." मग मी लीलाबाईंना जाऊन सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या, उजव्या हातानं. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "आता सांगून राह्यल्या का." इतकंच.

युनूसभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी खराद बंद केली. जरा वेळ अंगावरचा भुसा झटकत राहिले. मग म्हणाले, "बरं केलं. तुमचं तुम्ही लिवलं. पण त्यानं माहं कमी नाई होत."

कॉलेजातली रॉकेटं बंद झाली ती झालीच. पुढच्या वर्षी संस्थेनं माझी दुसऱ्या तालुक्यातल्या शाखेत बदली केली. सामान गाडीत चढलं होतं, तासाभराचा वेळ होता, म्हणून मी त्यांच्या दुकानाकडे गेले. दारात दुसऱ्याच गावचे एक तरुण शिक्षक उभे होते, हातात बाल्साच्या ठोकळ्यांची पिशवी. कुणाकडून तरी नाव ऐकून आले होते. बारा नाकं हवी होती.

युनूसभाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि ठोकळ्यांना हात लावण्याआधी लीलाबाईंची हकिकत सांगायला सुरुवात केली. ओल, फुगलेली मान, मोडलेलं हाड, न उचलणारा हात, सगळं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. याही वेळी त्यात मी नव्हते. ते शिक्षक आधी सहज ऐकत होते, मग त्यांनी पिशवी पायाशी ठेवली. हकिकत संपली. मग ते म्हणाले, "तरी तुम्हीच करून द्या चाचा. आमच्याकडे दुसरं कोणी नाही."

"करतो. पण उडवाच्या दिवशी मले बोलवा. मी येतो. अन मी थांबा म्हणलं तं थांबसान?"

"थांबू की."

"कलेक्टर आला असन तरी?"

शिक्षक हसले. युनूसभाई हसले नाहीत. ते तसेच पाहत राहिले, तेव्हा त्या तरुणाचं हसू ओसरलं.

"थांबू," तो म्हणाला.

"लिवून द्या."

तरुणानं माझ्याकडे पाहिलं, जणू हे मजेत चाललंय का असं विचारत. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि लिहायला जागा शोधू लागला. युनूसभाईंनी बाकड्यावरच्या पटाश्या एका बाजूला सारल्या आणि शर्टाच्या बाहीनं तिथला भुसा पुसून काढला.